गाडी पेट्रोल का खाते?

आजच्या भाषणाचा विषय पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. मी इतिहास शिकवणारा माणूस. शिवकालीन पत्रे आणि निजामशाहीच्या सनदा यांच्याशी माझा संबंध. मोटारीच्या पोटातल्या यंत्राशी नाही. पण गेल्या वर्षी घरच्या अडचणीमुळे मला या यंत्राच्या पोटात डोकवावे लागले. तेव्हा जे हाती लागले ते, जुनी गाडी बाळगणाऱ्या शेतकरी बांधवांच्या आणि शिक्षक मित्रांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

प्रथम अडचण सांगतो. आमचे गाव नगर-पाथर्डी रस्त्यावर, करंजी घाट उतरून पुढे तिसगावच्या बाजूला. नगरपासून चाळीस किलोमीटर. (जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, पण बोलताना आम्ही सारे अजून ‘नगर’च म्हणतो.) मी गावी राहतो आणि रोज नगरला कॉलेजात येतो. आठवड्यातून दोन दिवस माझ्याबरोबर आमचे आबा, म्हणजे माझे वडील, असतात. त्यांची मूत्रपिंडे थकली आहेत आणि दवाखान्यात यंत्रावर चार-चार तास रक्त शुद्ध करून घ्यावे लागते. मी एकटा असतो तर एस.टी.ने गेलो असतो. पुणे आणि नगर यांच्यामध्ये १ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली गाडी धावली, तेव्हा एस.टी. ही आम्हा नगरकरांना घरच्यासारखीच. पण डायलिसिस करून बाहेर आलेला पंच्याहत्तरीचा माणूस भरल्या गाडीत दांडीला धरून उभा राहू शकत नाही.

म्हणून २००९ सालची आमची छोटी पेट्रोल गाडी. तिचे नाव सांगत नाही. दोष तिचा नव्हताच. पंधरा वर्षे भरल्यावर रीतसर फेरनोंदणी करून घेतली आणि तीवरच सगळी भिस्त ठेवली. तर ही गाडी एकाएकी पेट्रोल पिऊ लागली. टाकी भरावी आणि आठवडा संपायच्या आत काटा तळाला यावा. एका गॅरेजात प्लग बदलले, इंजेक्टर धुतले, पैसे दिले. फरक पडला नाही. दुसरीकडे सांगितले, “सर, इंजिन उतरलंय. हाफ इंजिन करावं लागंल,” आणि चाळीस हजारांचा अंदाज दिला. घरी जेवताना मी हे बोललो. आबा काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “गोठ्यातली मोठी गाय काढू. नाही तर असं कर, मला आठवड्यातून एकदाच नेत जा.”

आठवड्यातून एकदा नेऊन चालत नाही, हे त्यांनाही ठाऊक होते. त्या रात्री मी ठरवले की इंजिन खोलण्याआधी आपण आपल्या विषयाच्या रीतीने जायचे. म्हणजे आधी पुरावा गोळा करायचा, तो पारखायचा, आणि मगच निष्कर्ष काढायचा.

पहिला प्रश्न असा की गाडी खरोखर किती पेट्रोल खाते? आपण पारावर बसून ‘पंधराचं ॲव्हरेज देते’, ‘अठराचं देते’ असे सांगतो. ते बहुधा अंदाजाचे असते. काट्यावर विश्वास ठेवू नका. पाचशे रुपयांचे पेट्रोल घालून किती चालली, हेही खरे माप नव्हे, कारण टाकीत आधीचे किती होते ते कळत नाही. खरी रीत एकच. टाकी पूर्ण भरा. नळी पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथे थांबा, वर ठासून भरू नका. किलोमीटरचा आकडा वहीत लिहा. निदान तीनशे किलोमीटर गाडी नेहमीसारखी चालवा. मग त्याच पंपावर, शक्यतो त्याच यंत्रावर, गाडी तशीच उभी करून पुन्हा पहिल्या बंदीपर्यंत टाकी भरा. आता जितके लिटर बसले तितकेच जळले. माझा पहिला हिशेब असा निघाला: ३१८ किलोमीटर, साडेसव्वीस लिटर. भागाकार बरोबर बारा. आणि २०१२ सालच्या जुन्या वहीत याच रस्त्यावरचा आकडा होता सतरा.

बारा आणि सतरा यांतला फरक ऐकताना किरकोळ वाटतो. महिन्याला माझे एकोणीसशे वीस किलोमीटर होतात. सतराने ११३ लिटर लागतात, बाराने १६०. सत्तेचाळीस लिटर पेट्रोल दर महिन्याला कुठे तरी वाया जात होते, आणि लिटरचा भाव शंभराच्या पुढे.

इथे शिक्षक मित्रांसाठी एक गोष्ट जाता जाता सांगतो. वर्गात फार चांगली चालते. गाडी घाट चढत जाताना दहाचे ॲव्हरेज देते आणि तेवढेच अंतर उतरत येताना वीसचे देते, तर एकूण ॲव्हरेज किती? मुले लगेच ‘पंधरा’ म्हणतील. पण चाळीस किलोमीटरला जाताना चार लिटर गेले, येताना दोन. ऐंशी किलोमीटरला सहा लिटर, म्हणजे तेरा पूर्णांक एक तृतीयांश. सरासरीची सरासरी काढू नये, हे फळ्यावर दहा वेळा लिहून जे कळत नाही ते या एका उदाहरणाने कळते.

मापात दोन ठिकाणी फसगत होऊ शकते, तीही पाहून घ्यावी. किलोमीटर मोजणारे यंत्र बरोबर आहे का? टायर मूळ मापाचे नसतील तर ते चुकते. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांशी दहा किलोमीटर ताडून पाहा. दुसरे, पंपावरचे माप. प्रत्येक पंपावर प्रमाणित केलेले पाच लिटरचे माप ठेवावेच लागते आणि कोणाही ग्राहकाने मागितले तर त्यातून मोजून दाखवावे लागते. मागायला संकोच वाटतो खरा, मलाही वाटला. पण मी मागितले, माप चोख निघाले, आणि संशयाचा एक धागा तुटला. त्याचबरोबर पहाटे गाडी काढण्यापूर्वी वाकून खाली पाहा, पेट्रोलचा वास येतो का तेही पाहा. नळी झिरपत असेल तर प्रश्न पैशाचा राहत नाही, आगीचा होतो. मग गाडी जागची हलवू नये.

आता रोगाचा शोध. इथे माझा एकच हट्ट होता, आणि तो तुम्हीही धरा. एका वेळी एकच दुरुस्ती करायची, पुन्हा टाकी भरून मोजायचे, मग पुढची. सगळे एकदम बदलले तर काय लागू पडले ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा सगळेच बदलावे लागते.

सर्वांत स्वस्त ते आधी. चाकांतली हवा. ती सकाळी, टायर थंड असताना मोजायची. किती असावी ते चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर छापलेले असते. माझ्या गाडीला तेहतीस हवी होती, भरली बावीस. पंक्चरवाल्याचा दोष नाही, मी दोन महिने पाहिलेच नव्हते. हवा भरली, मोजले: बारा पूर्णांक तीन. हवेने फरक पडतो, टायरही जास्त टिकतो, पण बाराचे सतरा हवेने होत नाहीत, हेही कळले.

मग एअर फिल्टर. आपल्याकडची धूळ, उसाच्या ट्रॉल्यांमागून जाणे, यामुळे तो गच्च भरतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत फिल्टर तुंबला की पेट्रोल वाढते, ही समजूत खरी आहे. पण इंजेक्शनच्या गाडीत आत येणारी हवा मोजून त्या मानाने पेट्रोल सोडले जाते. तिथे फिल्टर तुंबल्याने गाडीची ताकद कमी होते, पेट्रोलमध्ये फार फरक पडत नाही. इंजिनात धूळ जाऊ नये म्हणून फिल्टर बदलावाच. ॲव्हरेज वाढेल या आशेने नको.

यानंतर मी एक प्रयोग केला, जो कोणालाही करता येईल. गावाबाहेरच्या सपाट, मोकळ्या रस्त्यावर, मागेपुढे कोणी नसताना, ताशी तीसच्या वेगाने येऊन गाडी न्यूट्रल केली. इंजिन मात्र चालू ठेवायचे, कारण ते बंद केले तर ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात. निरोगी गाडी अशी सोडली तर बरीच दूर निवांत वाहत जाते. माझी गाडी, ओढाळ बैलाला कोणी मागून शेपटीला धरावे, तशी लवकरच थांबली. उतरून चारही चाकांच्या धातूवर पाण्याचे चार-चार थेंब टाकले. तीन चाकांवरून पाणी ओघळून गेले. पुढच्या डाव्या चाकावर ‘चर्र’ झाले.

म्हणजे त्या चाकाचा ब्रेक पाय काढल्यावरही सुटत नव्हता. बैलगाडीच्या आखाला वंगण नसले की बैल कसे दमतात, ते सांगायला नको. आपण ॲक्सिलरेटर दाबतो आणि एक ब्रेक तेच पेट्रोल घासून उष्णतेत घालवतो. आमच्या गावच्या मिस्त्रीने चाक उतरवले. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या गंजून जाम झाल्या होत्या. त्याने त्या काढून स्वच्छ केल्या, ब्रेकसाठीचे खास उष्णता सोसणारे ग्रीस लावले, फाटलेली रबरे बदलली. तासाभराचे काम. हँडब्रेकची तारही फार ताणलेली होती, तीही सैल केली. पुन्हा टाकी भरली, मोजले: तेरा पूर्णांक नऊ. ज्याला ‘इंजिन उतरलंय’ म्हणत होते त्यातला एक मोठा वाटा चाकात निघाला.

पण अजून सतरा दूर होते. आणि हा शेवटचा धागा मला सापडला नाही, आबांना सापडला. दवाखान्यातून परतताना ते पुढच्या आसनावर बसतात. बोलायची ताकद नसते. समोरच्या काट्यांकडे पाहत राहतात. घाट चढून आम्ही मेहेकरीच्या पुढे आलो तेव्हा ते म्हणाले, “हा दुसरा काटा बिघडलाय का रे? आधी मधोमध असायचा. आता खालीच बसून असतो.”

तो इंजिनाच्या उष्णतेचा काटा होता. वर गेला की आपण घाबरतो. खाली राहिला तर ‘बरं झालं, गाडी थंड चालते’ म्हणून खूष होतो. मीही वर्षभर खूषच होतो. खरी गोष्ट अशी की इंजिन थंड असताना त्याचा संगणक मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो, कारण थंड भांड्यात पेट्रोलची नीट वाफ होत नाही. चूल पेटवताना आपण थोडे रॉकेल जास्त घालतो, तसेच. चूल पेटली की रॉकेल थांबवायचे असते. पण चूल पेटल्याचे कळलेच नाही तर? रोज ऐंशी किलोमीटर माझ्या गाडीची चूल ‘आत्ताच पेटवली आहे’ अशी समजून पेट्रोल ओतले जात होते.

इंजिन लवकर तापावे आणि मग त्याच उष्णतेवर राहावे यासाठी पाण्याच्या वाटेवर एक छोटी झडप असते, थर्मोस्टॅट. तिच्यात मेण भरलेले असते. पाणी साधारण ऐंशी-पंच्याऐंशी अंशांच्या आसपास तापले की मेण पातळ होऊन फुगते, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जाते. तोवर रस्ता बंद. किती साधी युक्ती! मी मिस्त्रीला म्हटले, ती झडप अडकली असेल का? त्याने नळी काढली, आत बोट घातले आणि हसला.

“सर, अडकायला आत काही हायेच कुठं? थर्मोस्टॅटच काढून टाकलाय कोणी तरी.”

मग आठवले. आदल्या वर्षी मे महिन्यात गाडी घाटात तापली होती आणि वाटेतल्या एका गॅरेजात ‘आता तापणार नाही’ अशी हमी देऊन काहीतरी काढले होते. आपल्याकडे ही रीत फार आहे. गाडी तापते, तुंबलेला रेडिएटर, बंद पडलेला पंखा किंवा झिरपणारे पाणी शोधायला वेळ लागतो, झडप काढून फेकायला दहा मिनिटे. ताप उतरतो, पण रोग राहतो आणि वर पेट्रोलचा दंड बसतो. कायम थंड चाललेले इंजिन झिजतेही लवकर.

नवी झडप काही शे रुपयांना मिळाली. बसवण्यापूर्वी आम्ही ती घरीच तपासली. चहाच्या पातेल्यात पाणी घेऊन दोऱ्याने बुडवून धरली आणि खाली गॅस लावला. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला तापमापक आणला होता. त्र्याऐंशी अंशांना ती हळूच उघडू लागली. सौ.ने ते पातेले पुन्हा चहाला वापरू दिले नाही, तो खर्च वेगळा. रेडिएटरही साफ करून घेतला आणि साध्या पाण्याऐवजी कूलंट भरले. हे काम कोणी घरी करणार असेल तर एक पक्के ध्यानात ठेवा: गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये, उकळते पाणी तोंडावर उडते.

पुन्हा टाकी भरली. ४८० किलोमीटरला तीस लिटर चारशे मिलिलिटर. पंधरा पूर्णांक आठ. प्लग काढून पाहिले. आधी ते काजळीने काळे होते, याचा अर्थ पेट्रोल जास्त आणि जळणे अपुरे. आता फिकट तपकिरी झाले होते. जीभ पाहून वैद्याला जे कळते ते प्लग पाहून मिस्त्रीला कळते. चाळीस हजारांचे ‘हाफ इंजिन’ तसेच राहिले. निळा धूर नाही, ऑइल कमी होत नाही, मग इंजिन उतरले असे कशावरून म्हणायचे?

तुम्ही विचाराल, सतराचे काय झाले? राहिलेला फरक गाडीत नाही, पेट्रोलमध्ये आहे, आणि त्यात आपल्या जिल्ह्याचाही हात आहे. २०२५ मध्ये पंपावर मिळू लागलेल्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा केला. तेव्हापासून ऊस हेच आपल्या जिल्ह्याचे मोठे पीक. त्याच उसाच्या मळीतून आणि रसातून इथेनॉल निघते. उसाला आणखी एक गिऱ्हाईक मिळाले, परदेशी तेलाचा खर्च वाचतो, हे चांगलेच. पण एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. वीस टक्क्यांचा तिसरा भाग म्हणजे साडेसहा टक्के. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या आराखड्याच्या चारचाकी गाड्यांसाठी सहा ते सात टक्के घट सांगितली होती. सतरातून तेवढे वजा करा, सोळाच्या जवळ येता. ही तूट कोणताही मिस्त्री भरून काढू शकत नाही. त्यासाठी कोणी बाटलीतले औषध विकू लागला तर पैसे देऊ नका. जुन्या गाडीच्या पेट्रोलच्या रबरी नळ्या मात्र वर्षातून एकदा तपासून घ्या. इथेनॉल त्यांना मानवत नाही.

आता चालवण्याविषयी थोडे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी साठवरून नव्वदवर गेलात तर तो सव्वादोन पट होतो, आणि नगरला दहा-बारा मिनिटे लवकर पोचता, एवढेच. टपावरचा रिकामा कॅरिअर उतरवून ठेवा.

पण खरे सांगायचे आहे ते घाटाविषयी. करंजीच्या घाटात उतरताना गाडी न्यूट्रल करून, काही जण तर इंजिनच बंद करून, सोडून देतात. ‘तेवढंच पेट्रोल वाचतं,’ म्हणतात. मी स्वतः कित्येक वर्षे न्यूट्रलवर उतरलो आहे. इंजेक्शनच्या गाडीत हे उलटेच आहे. गिअर घालून ॲक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण काढला तर चाकेच इंजिनाला फिरवतात आणि संगणक पेट्रोल साफ बंद करतो. न्यूट्रलवर मात्र इंजिन स्वतःच्या जोरावर चालू राहते, म्हणजे पेट्रोल जळतच राहते. शिवाय इंजिनाचा आवर सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात, आणि तापलेला ब्रेक ऐन वळणावर साथ देत नाही. इंजिन बंद करून उतरणाऱ्याविषयी काय बोलावे! ज्या गिअरमध्ये घाट चढता, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा.

गाय गोठ्यात आहे. वही गाडीच्या खणात असते. प्रत्येक भरणीला तारीख, किलोमीटर, लिटर अशी एक ओळ. माझी मुलगी सातवीत आहे, भागाकार तिच्याकडे दिला आहे, आणि आकडा पंधराच्या खाली आला तर ती मला जाब विचारते. मंगळवार आणि शुक्रवार आबा पुढे बसतात. सकाळी गाव सुटून चार-पाच किलोमीटर झाले की ते समोर बोट दाखवून म्हणतात, “आला बघ मधी.” मग डोळे मिटून घेतात, ते नगर येईपर्यंत.